'हेन्सफोर्थ' नक्की कधीपासून?

संपादक साहेब,

पेपरात नाव बदलल्याच्या छोट्या जाहिराती येतात ना, 'आय शॅल हेन्सफोर्थ बी नोन अ‍ॅज' अमुक तमुक, तिथे हा शब्द एकदम फिट बसतो कारण हेन्सफोर्थ म्हणजे आत्तापासून पुढे, बास. पण हल्ली कुठेही कोंबतात. आमच्या लिफ्टशेजारी नोटीस लागलीय, 'हेन्सफोर्थ लास्ट मंडे' पाणी एकवेळ. अहो, मागच्या सोमवारपासून असेल तर 'सिन्स' लिहा की! आधी सांगितलेल्या एखाद्या तारखेपासून पुढे म्हणायचं तर हेन्स नाही, देन्स लागतं. लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यात आधी १ जानेवारी १८६३ ही तारीख येते आणि मग 'देन, देन्सफॉरवर्ड, अँड फॉरएव्हर फ्री', किती चोख! आणि आत्तापर्यंत म्हणायचं असेल तर 'हिदरटू', ते तर बरोब्बर उलट्या दिशेचं, तरी लोक दोन्हींची सरमिसळ करतात. वरून 'फ्रॉम हेन्सफोर्थ', म्हणजे 'पासून' दोनदा! जुन्या इंग्रजी बायबलात सापडतं म्हणा ते, पण पार्किंगच्या नोटिशीत कशाला? 'फ्रॉम नाऊ ऑन' लिहिलं तर काय सेक्रेटरींची खुर्ची जाणारे का?

- एक वाचक, ठाणे