परिपत्रक नंतर काढा, आधी एका केसवर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयात काही चुकले की परिपत्रक निघते, सगळ्या वॉर्डांत एकाच दिवशी नवा तक्ता लागतो आणि हळूहळू तो कोरा राहू लागतो. याचे खापर कर्मचाऱ्यांवर फोडणे अन्यायाचे आहे. तो बदल प्रत्यक्ष कामात कुणी तपासलेलाच नसतो.

नियोजन, कृती, अभ्यास आणि त्यावरून पुढचे पाऊल, हे शूहार्ट आणि डेमिंग या गुणवत्ता-तज्ज्ञांच्या परंपरेतले चक्र आरोग्यसेवेला नवे नाही. ते लहान ठेवायचे असते, एवढेच विसरले जाते. शस्त्रक्रियेपूर्वीचे अँटिबायोटिक घ्या. बहुतेक औषधांचा डोस छेद घेण्याआधीच्या 60 मिनिटांत जावा लागतो. सिस्टरने वॉर्डात इंजेक्शन दिले आणि आधीची केस लांबली, की ही वेळ टळते. मग ते ओटीत (शस्त्रक्रियागृहात) भूलतज्ज्ञांनी द्यावे, असे ठरते. ठीक, पण आधी एकच भूलतज्ज्ञ आणि एकच केस. अंदाज अगोदर लिहायचा: 'डोस छेदाच्या 15 ते 60 मिनिटे आधी जाईल.' मग डोसची आणि छेदाची वेळ घड्याळ बघून टिपायची. व्हायल (औषधाची कुपी) वॉर्डातच राहिली, हे पहिल्याच केसला कळू शकते. दुसऱ्या चक्रात ती केसपेपरसोबत पाठवायची, अ‍ॅलर्जीची नोंद पहिल्या पानावर आणायची. मग पाच केसेस, मग रात्रीची इमर्जन्सी. दिवसा बसलेली घडी तिथे विस्कटते, कारण माणसे कमी असतात. अंदाज चुकला तरी चक्र वाया जात नाही. अंदाज लिहिलाच नसेल, तर अभ्यास कशाचा करणार?

'आधी इतके टक्के, नंतर तितके' या दोन आकड्यांवर विसंबू नये. दर आठवड्याचा आकडा आलेखावर मांडावा. मध्यकाच्या (क्रमाने लावलेल्या आकड्यांतल्या मधल्या आकड्याच्या) एकाच बाजूला सलग सहा बिंदू आले तर बदल निव्वळ योगायोगाचा नसावा. आणि वॉर्डात एकदा, ओटीत पुन्हा असा दुहेरी डोस जात नाही ना, हेही मोजलेच पाहिजे.

'बीएमजे क्वालिटी अँड सेफ्टी' या वैद्यकीय नियतकालिकातील 2014च्या आढाव्यात 73 लेखांपैकी फक्त 14 लेखांत अशा एकामागून एक चक्रांची पूर्ण नोंद सापडली. चक्राचे नाव घ्यायचे आणि एकदाच फिरवून थांबायचे, हा प्रकार किती सर्रास आहे ते यातून दिसते.

तेव्हा कोणत्याही परिपत्रकावर सही करण्यापूर्वी रुग्णालयाच्या गुणवत्ता समितीने निदान तीन चक्रांचे कागद मागावेत: तारीख, अंदाज, प्रत्यक्षात काय दिसले आणि त्यावरून काय बदलले.

– रुग्णालयीन गुणवत्ता विभागात काम करणारे काही वाचक