महोत्सवात सायकलींनाही जागा हवी

महोदय,

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार खुल्या मैदानावरील ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता, आणि खास सवलत असल्यास १२ वाजता, बंद करावा लागतो. त्या वेळी रत्नागिरीहून आसपासच्या गावांकडे जाणारी एसटी मिळणे कठीण असल्याने संगीत महोत्सवाला सायकलने येणे अनेकांना सोयीचे वाटते. किनाऱ्यावरील कार्यक्रमात मात्र सायकलचा स्टँड पुळणीत रुततो, साखळीत वाळू शिरते आणि कुलूप अडकवायला साधा खांबही सापडत नाही. (खाऱ्या वाऱ्याने चढणारा गंज आम्ही मुकाट्याने सोसतोच.) आयोजकांनी प्रवेशद्वारालगत, उजेडात, कठीण जमिनीवर आडवे बांबू बांधून द्यावेत, मांडववाल्याला हे काम तासाभराचे आहे. परतीच्या उतारावर दिवा लावण्याची जबाबदारी अर्थातच आमची.

— एक सायकलस्वार रसिक, रत्नागिरी