घरपट्टीच्या केसबद्दल बालाजीला पत्र

प्रिय बालाजी,

फोनवर तुला नीट सांगता आलं नाही, तू कंपनीत होतास, म्हणून लिहितोय. लांबंल जरा पण पूर्ण वाच, तुझ्या घराचा बी विषय आहे.

नवीन आकारणीची नोटीस तुझ्या चुलत्याकडं आलीय. मी नमुना 8 चा, म्हंजी ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा, उतारा काढून बघितला तर तुझं माळवदाचं घर चक्क आरसीसी म्हणून लावलंय! अरे स्लॅब कुठंय तिथं? खांब-तुळया लाकडाच्या, वर मातीचा थर, मिरगाच्या आधी पांढरी माती टाकून चोपली नाही तर गळतंय, हे तुला मी काय सांगू. मोजायला आले त्यांनी टेप बाहेरून लावली, भिंतीचं एकवेळ समजून घेऊ, पण मधला उघडा चौक बी बांधकामात धरला. काकूंनी म्हणलं बी की अहो वर आभाळ आहे, तर म्हणे हरकत लेखी द्या.

आता पद्धत काय आहे बघ. आधी चौरस फुटावर कर होता, ते कोर्टात गेलं अन् मग 31 डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेनं भांडवली मूल्याची पद्धत आली. जागेचा रेडी रेकनरचा (सरकारनं ठरवलेल्या बाजारभावाचा) दर गुणिले क्षेत्रफळ, त्यात बांधकामाची किंमत मिळवायची पण घसारा, म्हंजी घर जुनं झाल्याची घट, वजा करून, मग राहायला की धंद्याला अशा वापराप्रमाणं भार लावायचा अन् त्या मूल्याच्या दर हजारामागं कर. कागदावर ठीक आहे. पण बांधकामाचा प्रकारच चुकला तर बांधकामाचा दर बी वाढतो, घसारा बी कमी धरतात अन् हजारामागचा दर बी चढतो, म्हंजी एकाच चुकीचा मार तीनदा बसतो. आजोबांच्या काळातल्या घराला घसारा नाही तर मग कशाला आहे, सांग!

दुसरं म्हंजी हायवे. सोलापूर-धुळे रोड झाल्यापास्नं कडेच्या जागांचे भाव वाढले, खरंय, पण विकायचंय कुणाला? आतल्या आळीतल्या म्हातारीच्या खोलीला अन् रोडवरच्या ढाब्याला जागेचा दर एकच धरलाय, ह्याचाच मला लई राग येतो.

वकील साहेबांनी दोन निकाल सांगितले. एक केरळचा, 1960-61 चा, मूपिल नायर केस. तिथं सरसकट एकरी दोन रुपये जमीन कर होता, जंगलाची जमीन असो की पिकाची, काहींना तर उत्पन्नापेक्षा कर जास्त यायचा, सुप्रीम कोर्टानं तो कायदाच समानतेच्या विरोधात म्हणून रद्द केला. दुसरा मुंबई महापालिकेच्या केसमधला, सुप्रीम कोर्टाचाच, नोव्हेंबर 2022 चा, त्यात सांगितलं की मोकळ्या जागेवर पुढं काय बांधता येईल ते धरून मूल्य काढायचं नाही, आज जागा जशी आहे तशीच धरायची. तो महापालिकेचा कायदा आहे, आपला ग्रामपंचायतीचा, पण मुद्दा तोच आहे.

डायरेक्ट हायकोर्टाच्या खंडपीठात जायला काही जण उतावीळ झालेत. मी अडवलं. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 खाली पंचायत समितीकडं अपील आहे, त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडं, अन् ते न करता संभाजीनगरला गेलो तर कोर्ट पहिलाच प्रश्न विचारणार की तिकडं कामून गेला नाहीत? प्रत्येकानं आपापल्या घराचं अपील करायचं, अन् नियम लावायच्या पद्धतीवरची रिट, म्हंजी हायकोर्टातली याचिका, नंतर सगळ्यांची मिळून. जुन्या दरानं पट्टी आम्ही भरतोय, पावती घेतोय, कारण कर बुडवायचा नाहीच, गावातल्या नळाला अन् दिव्याला पैसा लागतोच की. आकडा कसा आला एवढं दाखवा म्हणतोय.

मला लई वाटतं की तू यात असावंस. बाहेरगावी असलेल्यांची घरं कुणी भांडत नाही म्हणून तशीच लागून जातात, अन् एकदा नोंद पक्की झाली की पुढच्या चार वर्षांच्या आकारणीपर्यंत भोगत बसायचं. नोटिशीची मुदत चालू झालीय. वाटणीपत्राची झेरॉक्स, जुन्या घरपट्टीच्या पावत्या असतील तेवढ्या, अन् चुलत्याच्या नावानं अधिकारपत्र सही करून लवकर पाठव, माळवदाचे अन् चौकाचे फोटो मी काढून ठेवलेत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
दत्ता