आमच्या माजी सरचिटणिसांना, आताच्या आमदारांना खुले पत्र

माननीय आमदार महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी नऊ वाजल्यापासून आम्ही चौदा जण सांगलीत विश्रामगृहाच्या फाटकाशी उभे होतो. आपली गाडी साडेअकराला आली, काच चार बोटे खाली झाली आणि ‘निवेदन पीएकडे द्या’ एवढे बोलून आपण निघून गेलात. आमच्यात बॉयलर विभागातल्या एका दिवंगत सहकाऱ्याची पत्नी होती. कागदांची पिशवी पुढे धरलेला तिचा हात तसाच राहिला. आपण तिला ओळखले नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले; कारण २०१८ साली साखर कारखान्याच्या गेटवर आपण एकेचाळीस दिवस धरणे धरले, तेव्हा आपली भाकरी रोज तिच्या घरून येत होती.

मी मिल विभागात फिटर होतो. १९८८ मध्ये कामाला लागलो आणि २०१९ मध्ये निवृत्त झालो. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २२,००० रुपये होता. सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा, या कायद्यातल्या हिशेबाने एकतीस वर्षांची माझी ग्रॅच्युइटी ३,९३,४६१ रुपये होते. ती तीस दिवसांत हाती पडायला हवी होती. अजून एक रुपया मिळालेला नाही. चौदा महिन्यांचा थकीत पगार वेगळाच. पत्नीच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या होत्या, त्या सोडवता आल्या नाहीत आणि लिलावात गेल्या. पेन्शन तीन हजारांच्या आत आहे. दोघांच्या औषधांचा महिनासुद्धा त्यात निघत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतली (ईपीएस-९५) किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपयांवर आहे, ती आजही तेवढीच आहे.

हे सारे आपल्याला नव्याने सांगावे लागते, हेच माझे दुःख आहे. युनियनची पावती फाडताना आपण प्रत्येकाच्या घरची चौकशी करत होता. तुमच्या निळ्या शाईच्या सहीच्या पावत्या मी अजून पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. निवडणुकीला उभे राहिलात तेव्हा अनामत रकमेसाठी आम्ही माणशी शंभर रुपये काढले, आणि ज्यांचा पगार वर्षभर झालेला नव्हता त्यांनी ते हातउसने आणून दिले. ‘निवडून आलो तर विधानसभेत पहिला प्रश्न तुमच्या थकबाकीचा’ हे शब्द तुम्ही त्याच गेटवर, भर पावसात, माइक हातात घेऊन उच्चारले होते. तो प्रश्न कधी विचारला गेला, हे मला तारखेसह कळवावे.

माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी ते ट्रंक घेऊन शिराळ्याला परत आले, ते कायमचेच. पुढे १९८४ मध्ये त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा गिरणीचा भोंगा पुन्हा वाजेल असे वडिलांना वाटले होते. गिरणी उघडली नाही. तरीही वडिलांनी त्यांना कधी दोष दिला नाही, कारण १९९७ मध्ये गोळ्या झाडून त्यांचा खून झाला तोपर्यंत तो माणूस कामगारांतच होता. शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, पाटणचे अण्णासाहेब पाटील माथाड्यांचे नेते म्हणूनच विधान परिषदेत गेले, आणि १९६९ चा माथाडी कायदा हमालाच्या पाठीशी उभा राहिला तो त्यांच्या लढ्यामुळे. कामगार आपला माणूस सभागृहात पाठवतो तो यासाठी. तुम्ही मात्र ज्यांच्याविरुद्ध धरणे धरले त्या संचालकांच्या शेजारी गळीत हंगामाच्या मोळीपूजनाला बसता आणि आम्हाला फाटकाबाहेर उभे करता.

एकोणतीस कामगार कायदे गुंडाळून चार संहिता आणल्या गेल्या. कारखाना बंद करण्यासाठी वा कामगारांना कमी करण्यासाठी सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागत होती, ती मर्यादा तीनशेवर गेली. आपल्या भागातले किती लहान कारखाने या एका आकड्यामुळे मोकळे सुटले असतील, याचा विचार तुम्ही केलात का? ‘तो दिल्लीचा विषय आहे’ असे उत्तर कृपया देऊ नये. कामगार हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात, हे आम्हाला युनियनच्या अभ्यासवर्गात तुम्हीच शिकवले होते. सगळ्याच पक्षांना कामगार फक्त मोर्चाच्या गर्दीला हवा असतो. पण त्या पक्षांना मी पत्र लिहीत नाही, कारण त्यांच्यासाठी मी शंभर रुपये दिले नव्हते.

माझे मागणे मोठे नाही. माझ्या आणि इतर तेरा जणांच्या ग्रॅच्युइटीचे वसुली दाखले महसूल खात्याकडे पडून आहेत. जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ही रक्कम वसूल करता येते. शेतकऱ्याच्या उसाच्या किमान दरासाठी (एफआरपी) असाच वसुली दाखला (आरआरसी) निघतो, तो निघालाच पाहिजे. मग त्याच उसावर एकतीस हंगाम राबलेल्या माणसाचा दाखला फायलीत का राहतो? येत्या सोमवारी अकरा वाजता आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहोत. आमदार म्हणून येणे जमत नसेल तर आमचे सरचिटणीस म्हणून या. कागदांची पिशवी घेऊन ती बाईही येणार आहे. या वेळी तिचे नाव तुम्ही स्वतः विचारावे.

आपला,
युनियनचा जुना सभासद,
सेवानिवृत्त फिटर, मिल विभाग
जि. सांगली