ट्यूब घालण्याआधीची पाच मिनिटं: आमच्या भूलतज्ज्ञ मॅडमना जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,

तुम्ही निवृत्त झालात, पण तुमचं घड्याळ गोव्यातल्या आमच्या ऑपरेशन थिएटरांत, म्हणजे ओटींमध्ये, अजून चालू आहे. आभार जाहीर मानतोय, म्हणजे नव्या मुलांच्याही वाचनात येईल.

कुठलं औषध किती, हे पुस्तकात सापडतं. केव्हा, हे तुम्ही शिकवलंत. श्वासनलिकेत ट्यूब घालताना घशात पाहायच्या लॅरिंगोस्कोपचं ब्लेड जिभेच्या मुळाशी टेकलं की पंधराएक सेकंदांत ब्लड प्रेशर चढायला लागतं, अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळ्यात वर जातं आणि पाच-दहा मिनिटांत उतरतं. ही उसळी दाबायला देतो त्या फेंटानिल या वेदनाशामकाला मात्र शिरेतून दिल्यावर पुरतं लागू व्हायला ३ ते ५ मिनिटं लागतात. ब्लेड हातात घेऊन मग दिलं, तर ट्यूब घालताना प्रेशर उसळतं आणि पेशंट शांत पडल्यावर नको तितकं कोसळतं. म्हणून किलोला २ मायक्रोग्रॅम, सगळ्यात आधी आणि सावकाश. घाईत ढकललं तर खोकला येतो, कधी छातीच ताठरते.

त्याचसाठी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध, किलोला दीड मिलिग्रॅम, ब्लेडच्या दीड ते तीन मिनिटं आधी. ६० किलोच्या पेशंटला २ टक्क्यांचं साडेचार मिली. भरण्याआधी बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचायचं, हा तुमचा हट्ट. शेजारी प्रेशर चढवणारं अ‍ॅड्रेनलिन मिसळलेली बाटली असते आणि दिसायला ती जवळजवळ तशीच.

स्नायू सैल करणाऱ्या व्हेक्युरोनियमनंतर पूर्ण ३ मिनिटं मास्कने श्वास द्यायचा, आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू चालू ठेवून. अर्धवट सैल झालेल्या जबड्याशी झटापट केली की सगळी औषधं वाया. एका प्रयत्नाला १५ सेकंद. श्वासनलिकेचं तोंड नाही दिसलं तर ब्लेड बाहेर, पुन्हा मास्क.

आणि बीपीचा कफ! पाच मिनिटांवर लावलेला कफ उसळी पकडतच नाही. कागदावर सगळं छान दिसतं. तो एका मिनिटावर आणायचा.

जुन्या बीपीवाल्यांचं प्रेशर प्रोपोफॉल या झोपवणाऱ्या औषधाने आधी खाली येतं. घाबरून तिथेच प्रेशर चढवणारं मेफेंटरमिन दिलं, की पुढच्याच मिनिटाला ब्लेडची उसळी त्याच्यावर चढते. प्रोपोफॉल थोडं-थोडं द्या, हे तुम्ही का बजावायचात ते तिथे कळतं. चतुर्थीनंतरच्या ऑपरेशनांच्या यादीत तर बीपीच्या गोळ्या चुकवलेले पेशंट हमखास. ‘उपाशी पोटार गुळी कशी घेवप?’ असं विचारणाऱ्याला तुम्ही आदल्या संध्याकाळीच सांगायचात: मेटोप्रोलोल, अ‍ॅम्लोडिपिन सकाळी घोटभर पाण्याबरोबर, टेल्मिसार्टन, रामिप्रिल त्या दिवशी नाही. मेटोप्रोलोलसारखा बीटा ब्लॉकर अचानक बंद केला तर नाडी उलटून धावते.

गुंगी आणणाऱ्या डेक्समेडेटोमिडिनवर तुमचा राग होता. तो जरा जास्तच होता, असं आम्हांला वाटतं. २०० मायक्रोग्रॅम ५० मिलीत, किलोला अर्धा ते एक मायक्रोग्रॅम, १० मिनिटांत पंपाने दिलं तर नीट वागतं. घाईत दिलं तर प्रेशर आधी वर आणि मग नाडी चाळिशीत, हे मान्य. म्हणून नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन भरून ठेवतो. नाडी आणि प्रेशर उतरवणारं एस्मोलॉल हाताशी असतं, पण दम्याच्या पेशंटला आणि हार्ट ब्लॉक असलेल्याला नाही.

ट्यूब काढतानाही हीच उसळी येते, खोकल्यासकट, आणि तोवर सगळ्यांचं लक्ष पुढच्या केसकडे गेलेलं असतं. तेव्हाही दोन मिनिटं आधी लिग्नोकेनची सिरिंज तयार असते. मनापासून धन्यवाद, मॅडम.

तुमच्या हाताखाली शिकलेले,
ओटीतले आम्ही सगळे