दिवाळीला गाडीवर येऊ नकोस

प्रिय सोनू,

परवा फोन मीच कट केला, रेंज गेली नव्हती. तू म्हणालास दिवाळीला पुण्याहून बुलेटवरच येतो, मित्र आहे सोबत, आणि माझ्या डोळ्यासमोर नारायणगाव, चंदनापुरीचा घाट, सिन्नर सगळं एकदम उभं राहिलं. दोनशे किलोमीटर होतात रे. नानांचं तुला माहितीये, ते परत लिहीत नाही.

पप्पांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "एसटी बंद झाली का?" आणि चहा प्यायला लागले. त्यांचं माहितीये ना तुला, एसटीच्या सिटी बसवर कंडक्टर, जन्म गेला निमाणी ते नाशिकरोड करण्यात. शालिमार, द्वारका, बिटको, परत बिटको, द्वारका, शालिमार. तू लहान असताना रविवारी हट्ट करून त्यांच्या गाडीत बसायचास, घंटीची दोरी ओढायला मिळावी म्हणून, आणि ते तुझंसुद्धा हाफ तिकीट फाडायचे, स्वतःच्या खिशातले पैसे बॅगेत टाकून. मी भांडायचे, स्वतःच्या पोराचं कसलं तिकीट? तर म्हणायचे, चेकर आला तर त्याला पोराचं तोंड दाखवू का. मला तेव्हा राग यायचा, आता लोकांना सांगताना बरं वाटतं. तो तिकिटांचा ट्रे अजून माळ्यावर आहे, पंच मात्र ताईने कुठे टाकला देव जाणे.

2015 च्या कुंभात तर माणूस घरी आंघोळीपुरता यायचा. लोकांच्या गाड्या गावाबाहेरच अडवलेल्या, तिथून सगळ्यांना एसटीने आत आणायचं, पर्वणीच्या दिवशी तर दारात पाय ठेवायला जागा नसायची. आता परत कुंभ आलाय तर रिटायर माणूस पेपर वाचून म्हणतो, यावेळी कसं करणार हे लोक. जणू ह्यांना ड्युटी लागणारे!

2021 च्या जुलैत सिटीलिंक, म्हणजे महापालिकेची सिटी बस, सुरू झाली तेव्हा ते पहिल्याच आठवड्यात तपोवनापासून चक्कर मारून आले. मी विचारलं कशी आहे, तर म्हणाले चांगली आहे, पण कंडक्टर पोरगं मशीनमध्येच बघतं, पॅसेंजरकडे बघत नाही. मला तर आवडते बाबा, मोबाईलमध्ये बस कुठे आली ते दिसतं. पूर्वी अशोकस्तंभावर उभं राहून मान दुखायची. आणि तू ज्या मेट्रोच्या गप्पा मारायचास ना, टायरवरची, त्याच वर्षीच्या बजेटमध्ये 2092 कोटी जाहीर झालेले, तिचा एक खांब दिसेल तर शपथ. पप्पा म्हणतात नाशिकला 1889 साली ट्राम होती, मेनरोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, घोडे ओढायचे तिला, म्हणजे आपण पुढे चाललोय का मागे तेच कळत नाही. त्यांच्या आजोबांनी पाहिलेली. हे त्यांनी तुला हजारदा सांगितलंय, मीच कशाला सांगतेय.

सांगायचं हे होतं की गाडीवर येऊ नकोस. हेल्मेट घालतोस म्हणालास, पण खरं सांग, रोज घालतोस का कॅमेरा दिसला की? आपल्याकडे नाही का 2021 लाच हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही काढलेलं, आणि पोरं पंपावर एकमेकांचं हेल्मेट मागून घ्यायची. पेट्रोल मिळालं की परत देऊन टाकायची. तू त्यातला नव्हतास असं मी समजते. दिवाळीत त्या रोडला ट्रक, ट्रॅव्हल्स, ऊसाच्या ट्रॉल्या, त्यात अंधार लवकर पडतो, त्यात तुला रात्री ऑफिस सुटल्यावर निघायची सवय...

झालं बघ माझं सुरू. सॉरी. तू स्वतःच्या पगारातून गाडी घेतलीस, हप्ते फेडतोस, मी अख्ख्या हिरावाडीत फोटो दाखवून आले, दुधवाल्यालासुद्धा. मला गाडीचा राग नाही. फक्त एवढ्या लांब नको, आणि रात्री नको, आणि मित्र चालवत असेल तर अजिबातच नको.

वाकडेवाडीहून सकाळची एसटी पकड. दिवाळीची गर्दी असते, आजच रिझर्वेशन कर. झोपून ठक्कर बाजारपर्यंत जाऊ नकोस, द्वारकेला उतर, तिथून निमाणीची सिटीलिंक मिळते. सुट्टे पैसे ठेव. आणि तिकीट काढलंस की मला नको, पप्पांना पाठव, ते विचारणार नाहीत पण दिवसातून चारदा मोबाईल बघतायत.

तुझी
आई

ता.क. चकली भाजणीची करू का तांदळाची? ताई म्हणते तुला भाजणीची आवडत नाही, मला तर उलटंच आठवतंय.