उजनीला सायकलने वळसा घालता यावा म्हणून: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

उजनीच्या जलपर्यटनाची चर्चा गेली काही वर्षे चालू आहे. त्या चर्चेत बोटी येतात, काठावरची विश्रामगृहे येतात, पण सायकल कुठेच येत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. यशवंतसागराला, म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाच्या जलाशयाला, पूर्ण वळसा घालणारा, पाट्या लावलेला, सायकलसाठी आखलेला मार्ग व्हावा, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी नवा रस्ता मात्र बांधू नये, ही मागणीही तितकीच ठाम आहे.

मी इंदापूर तालुक्यातली. धरण १९८० साली पूर्ण झाले. आमचे जुने घर पळसदेवच्या मूळ गावठाणात होते, ते पाण्याखाली गेले. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते. तेव्हा वडील आम्हाला तिथे न्यायचे, देवळापासून पावले मोजत चालायचे आणि एका जागी थांबून सांगायचे, "इथे आपला उंबरा." आसपास भेगाळलेला गाळ, शिंपले आणि एक जुनी वाट, जी सरळ पाण्यात उतरते. ती वाट मी अजून विसरलेले नाही. आमच्याकडचे कितीतरी रस्ते असेच पाण्यात संपतात.

हे सांगण्याचे कारण असे की उजनीला ठरलेला काठ नाही. धरण पूर्ण भरले की सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असते. 'उजनी शून्य टक्क्यांवर' अशी बातमी आपण वाचतो तेव्हाही सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचे पाणी, शिल्लक असतो. या दोन पातळ्यांमध्ये पाणी कितीतरी मागे जाते. दिवाळीत जिथे मासेमाऱ्यांची होडी लागते, तिथे उन्हाळ्यात गाळपेराची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेली, पिके उभी असतात. नकाशावर पाण्याच्या कडेने रेघ ओढून 'लेकसाइड ट्रॅक' आखला, तर तो वर्षातले काही महिने बुडालेला असेल आणि उरलेले महिने पाण्यापासून लांब, चिखलाच्या आणि पिकांच्या मध्ये पडलेला असेल. भराव घालून उंच केला तर उथळ पाण्याची जागाच जाईल. भिगवण आणि कुंभारगावला रोहित (फ्लेमिंगो) येतात ते त्या उथळ पाण्यासाठी. पट्टकादंब हंस, चक्रवाक, चित्रबलाक, सगळ्यांचे पोट त्याच दलदलीवर. पक्षी पाहायला लोकांना बोलवायचे आणि त्यांच्या ताटावर मुरूम टाकायचा, असे कृपा करून होऊ देऊ नका.

मार्ग तयारच आहे. गावाला गाव जोडणारे रस्ते, चारीच्या कडेचे रस्ते, मळ्यांतून जाणारे डांबरी तुकडे. गेल्या थंडीत मी आणि माझी बहीण दोन दिवसांत हा वळसा पूर्ण करून आलो. भिगवणहून निघालो, इंदापूरच्या बाजूने गावागावांतून खाली आलो, भीमानगरपाशी भीमा ओलांडली, मग करमाळ्याच्या बाजूने वांगी, कुगाव, केत्तूर करत डिकसळला आलो. त्या दोन दिवसांत पाणी कधी हाताशी होते, कधी उसाच्या फडामागे लपलेले. वाट मात्र सतत विचारावी लागली. फाट्याफाट्यावर थांबायचे, पाणीपुरीच्या गाड्यावर नाहीतर दूध संकलन केंद्रावर विचारायचे. लोक प्रेमाने सांगतात, चहा पाजतात. पण नवख्या माणसाने त्याच भरवशावर निघावे असे मी म्हणणार नाही.

आम्ही डावीकडून निघालो, म्हणजे पाणी सतत डाव्या हाताला. देवाची प्रदक्षिणा देव उजव्या हाताला ठेवून घालायची आपली रीत, पण इथे उलटे जाणेच शहाणपणाचे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे पाणी डावीकडे असले की काठावर थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही. जपानमध्ये बिवा सरोवराभोवती सुमारे २०० किलोमीटरचा 'बिवाइची' मार्ग आहे. तिथेही वाहने डावीकडून चालतात आणि सायकलस्वारांना याच दिशेने जायला सांगतात. २०१९ साली जपान सरकारने निवडलेल्या पहिल्या तीन राष्ट्रीय सायकलमार्गांपैकी तो एक. त्याचा बराचसा भाग नेहमीच्याच रस्त्यांवरून जातो. डांबरावर कडेला काढलेल्या निळ्या खुणा पाहत माणूस पूर्ण सरोवर फिरून येतो. युरोपात बोडेन सरोवराभोवतीचा मार्ग तर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जातो. आपल्याला तीन तालुक्यांचा मेळ घालायचा आहे: इंदापूर, माढा, करमाळा. पुणे आणि सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना एका टेबलाशी बसवण्याचे काम आपणच करू शकता, कारण रस्ते जिल्हा परिषदेचे, काही बांधकाम विभागाचे, जमीन जलसंपदाची आणि पक्षी वनखात्याचे.

महोदय, या मार्गावरचा खरा धोका सांगते. पक्ष्यांचा हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केत्तूरच्या पुढे अंधार पडू लागला होता. समोर काहीतरी काळे हलते आहे एवढेच दिसत होते. जवळ गेल्यावर कळले, ट्रॅक्टरमागची डबल ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाहेर आलेली उसाची टोके रस्त्याच्या कडेपर्यंत. तेवढ्यात समोरून दुसरी आली. खाली उतरावे तर डांबराची कड तुटून वीतभर खड्डा, साइडपट्टी भरलेलीच नाही. बहिणीने सायकल सरळ उसात घातली. कोपराला खरचटले, बाकी काही झाले नाही. त्याच रस्त्याने सकाळी शाळेच्या मुली आल्या होत्या, पाठीवर दप्तर, एकामागे एक, हॉर्न वाजला की पटापट मातीत उतरणाऱ्या. रोज हेच करतात त्या.

म्हणून माझ्या मागणीत सगळ्यात वर पर्यटक नाहीत, त्या मुली आहेत. साइडपट्ट्या भरा. प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर असल्याशिवाय कारखान्याच्या काट्यावर वजन होऊ नये, असा आदेश निघावा. फाट्यांवर पाट्या आणि गावांत गतिरोधक. शहरातून येणाऱ्यांचे पुढचे आपोआप होईल. भिगवण आणि जेऊरला रेल्वे स्थानके आहेतच, खायला भिगवणची चिलापी आहे, राहायला गावकऱ्यांच्या घरच्या खोल्या होतील. ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांच्या दारावरून हा मार्ग जावा.

महामार्गाचा विषयही आहे. भीमानगरपाशी पुणे-सोलापूर महामार्गावरूनच नदी ओलांडावी लागते. तेवढ्या तुकड्यावर सायकलसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी हवी, नुसता पांढरा पट्टा पुरणार नाही. डिकसळचा इंग्रजांच्या काळातला, एकेकाळी रेल्वेचा असलेला पूल आता थकला आहे. त्याच्या जागी सुरक्षित वाट हवी, नाहीतर वळसा पूर्णच होत नाही.

शेवटची गोष्ट पुलाचीच. २१ मे २०२४ रोजी कुगावहून इंदापूरच्या बाजूच्या कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते हौसेने बोटीत बसले नव्हते. पलीकडे जायला दुसरी जवळची वाट नव्हती, एवढेच. आमच्या बाजूच्या शिरसोडीपासून कुगावपर्यंतच्या पुलाला शासनाने मान्यता दिली, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. हा पूल झाला की मोठा वळसा न झेपणाऱ्यांसाठी एका दिवसाचा लहान वळसाही तयार होईल. पण पुलाच्या आराखड्यात पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलसाठी वेगळी पट्टी आहे का, हे आपण स्वतः पाहावे. नसेल तर ती आताच घालावी. खांब उभे राहिल्यावर पूल रुंद करणे सोपे नसते, आणि मग कुगावच्या मुलींना पाण्याच्या मधोमध, उसाच्या ट्रॉलीला खेटून सायकल चालवावी लागेल.

या पुलाच्या आराखड्याबाबत आपले लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
उजनीकाठची एक सायकलस्वार
ता. इंदापूर, जि. पुणे